जुन्या मालमोटारीचा रंग

जुन्या मोटारीचा जीर्णोद्धार करावयास घेतला, म्हणजे यंत्राविषयीं फारसा वाद होत नाहीं. झिजलेला भाग बदलावा, गळती बंद करावी, गंजलेला पत्रा कापून नवा जोडावा, येथवर सर्वांचें एकमत असतें. वादास तोंड फुटतें तें रंगापाशीं. घरांतील तरुणांस एक रंग हवा असतो, वडिलांच्या आठवणींत दुसराच असतो, रंगारी तिसरा सुचवितो, आणि एखादा जाणता संग्राहक परदेशी कारखान्याचें रंगपत्रक पुढें करून सांगतो कीं, मूळ रंग तो हाच. हा ‘मूळ रंग’ म्हणजे नेमका कोणत्या दिवसाचा रंग, हा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारीत नाहीं. प्रस्तुत लेखांत त्या प्रश्नाचा इतिहासाच्या अंगानें विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

विचारासाठीं स्थळ घेतलें आहे तें राजूर. महाराष्ट्रांत या नांवाचीं गांवें एकाहून अधिक आहेत. अकोले तालुक्यांतील राजूर निराळें, जालन्याकडील गणपतीचें राजूर निराळें. आमचें राजूर यवतमाळ जिल्ह्याच्या वणी तालुक्यांतील. (या वणीच्या नांवावरूनच १९०५ पर्यंत हा सारा जिल्हा इंग्रजी दप्तरांत ‘वून’ म्हणून नोंदला जाई.) कोळसा आणि चुना या दोन वस्तूंनीं या गांवास ओळख दिली. जमिनीखालीं गोंडवन काळांतील कोळशाचे थर, आणि त्याच भागांत, भूशास्त्रज्ञ ज्यास पैनगंगेचें नांव देतात तो, कोळशाहून कितीतरी जुना चुनखडक. चुनखडक भाजावयास सुमारें ९०० अंश उष्णता लागते. भट्टींत दगडाचा एक थर, त्यावर कोळशाचा एक थर, पुन्हा दगड, अशी रचना करून ती पेटवितात. दगड आणि जळण हीं दोन्हीं एकाच पंचक्रोशींत मिळाल्यावर तेथें चुनाभट्ट्या उभ्या राहाव्या यांत नवल तें काय? म्हणून या गांवच्या रस्त्यावर धूळही दोन रंगांची, एक काळी व एक पांढरी. अशा रस्त्यावर ज्या गाडीनें आपलें आयुष्य काढलें, तिचा रंग पत्रकावरून ठरवितां येईल असें आम्हांस वाटत नाहीं.

गाडी म्हणजे येथें पिकअप. पुढें चालकाची केबिन आणि मागें उघडा हौदा असलेली लहान मालमोटार. मिरविण्याच्या मोटारीचा रंग धनी आपल्या हौसेनें निवडतो. कष्टाच्या गाडीस तें भाग्य क्वचितच लाभलें. तिचा रंग आधीं रसायनशास्त्रानें ठरविला, पुढें लष्करानें ठरविला, आणि शेवटीं बाजारांत त्या दिवशीं जो डबा शिल्लक असेल त्यानें ठरविला.

मोटारीस रंग देण्याची विद्या मोटारीबरोबर जन्मास आली नाहीं. ती घोडागाड्यांच्या कारागिरांकडून आली. जवसाच्या तेलांत खललेला रंग, त्यावर व्हार्निशाचे हात, प्रत्येक हात वाळेपर्यंत थांबणें, मग तो घासून पुन्हा दुसरा हात. एका गाडीस आठवडेच्या आठवडे लागत. जवस हें आपल्या वऱ्हाडांतील नित्याचें पीक असल्यामुळें तें तेल किती सावकाश वाळतें हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. मोटारी शेंकड्यांनीं तयार होऊं लागतांच ही रीत कारखानदारांच्या गळ्याशीं आली. गाडी दिवसांत तयार होई आणि रंगशाळेंत महिनाभर अडून राही.

हेन्री फोर्ड याची ‘मॉडेल टी’ १९०८ सालीं निघाली. काळा रंग आणि फोर्ड यांची सांगड लोकांच्या मनांत इतकी पक्की बसली आहे कीं, ती गाडी पहिल्यापासून काळीच होती असा समज आहे. वस्तुतः आरंभीं ती लाल, करडी, हिरवी अशा रंगांत मिळे. काळ्याचें एकछत्री राज्य चाललें तें सुमारें १९१४ ते १९२५ पर्यंत. यांत फोर्डची आवड-नावड फारशी नव्हती. डांबरासारख्या खनिज राळेपासून केलेला हा काळा रंग स्वस्त पडे, टिके, आणि भट्टींत भाजला असतां लवकर कडक होई. राळच मुळांत काळी, त्यामुळें तिच्यांत दुसरा रंग मिसळण्याची सोय नव्हती. म्हणजे ज्या काळ्या रंगास लोक एका धनिकाचा हट्ट समजतात, तो एका वाळवणीच्या अडचणीचा तोडगा होता.

ती अडचण दूर झाली ती, कोणास सांगूनही पटणार नाहीं, कापसामुळें. सरकीस चिकटून राहिलेले आखूड तंतू घेऊन त्यांवर नत्राम्ल व गंधकाम्ल यांची क्रिया केली, म्हणजे नायट्रोसेल्युलोज तयार होतें. याच द्रव्यापासून तोफांची धूरविरहित दारू होते. पहिलें महायुद्ध संपल्यावर अमेरिकेंतील ड्यूपॉन्ट कंपनीपाशीं हें द्रव्य करण्याची प्रचंड सामग्री होती आणि दारूस मागणी उरली नव्हती. त्याच द्रव्याचा पातळ, फवाऱ्यानें उडवितां येणारा व पाहतां पाहतां वाळणारा रंग तिनें काढला. त्याचें नांव ‘ड्यूको’. १९२३ सालीं जनरल मोटर्सनें आपल्या ‘ओकलंड’ गाड्यांच्या १९२४ च्या नमुन्यास तो निळ्या रंगांत लावला, आणि तेथून मोटारींच्या रंगांचा खरा बाजार सुरू झाला. ज्या यवतमाळ जिल्ह्यांत कापूस हेंच पांढरें सोनें, तेथील एखाद्या जुन्या गाडीच्या अंगावर ड्यूकोचा थर निघाला, तर तोही एक प्रकारचा कापूसच आहे हें ध्यानांत असावें. आपल्याकडील रंगाऱ्यांच्या तोंडीं ‘ड्यूको’ हा शब्द पुढें इतका रुळला कीं, कोणत्याही कंपनीचा फवाऱ्याचा रंग तो ड्यूकोच.

यानंतर दुसरें महायुद्ध आलें आणि रंगाची सूत्रें लष्कराच्या हातीं गेलीं. लष्करी रंगाचें काम शोभा देणें नसून दृष्टि चुकविणें हें होय. अमेरिकेच्या सैन्यानें आपल्या गाड्यांस, १९४१ पासून निघालेल्या जीपगाड्यांसुद्धां, चकाकी नसलेला मळकट हिरवा रंग दिला. ब्रिटिशांची कथा अधिक बोधप्रद आहे. हिरव्या रंगास लागणारें क्रोमियम ऑक्साइड युद्धांत दुर्मिळ झाल्यामुळें त्यांनीं मध्यंतरीं तपकिरी रंग घेतला, आणि १९४४ च्या सुमारास पुन्हा हिरव्याकडे वळले. युद्ध संपल्यावर ‘डिस्पोजलचा माल’ म्हणून ज्या लष्करी गाड्या हिंदुस्थानांत विकल्या गेल्या, त्यांपैकीं एखादीच्या अंगावर हिरवा, तपकिरी, पुन्हा हिरवा असे थर आढळले, तर तो रंगाऱ्याचा लहरीपणा न समजतां एका धातूच्या टंचाईची नोंद समजावी.

शांततेच्या काळांतील गाड्या त्या सुमारासच मुंबईस तयार होऊं लागल्या. जनरल मोटर्सचा जोडणीचा कारखाना शिवडीस १९२८ पासून होता व तो १९५४ पर्यंत चालला. वालचंद हिराचंद यांनीं १९४४ त स्थापिलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यांतून १९४७ पासून डॉज व फार्गो या नांवांच्या गाड्या बाहेर पडूं लागल्या. महिंद्रांनीं विलीस जीप आणिली तीही १९४७ सालींच. अमेरिकेंत त्याच वर्षीं शेव्हरोले मालमोटारींची जी नवी मालिका निघाली, तिचा न मागतां मिळणारा रंग गर्द हिरवा होता. दुसरा रंग हवा असेल तर तो मागून घ्यावा लागे. हें सर्व रंगपत्रकांत मिळतें, आणि येथेंच आमच्या संग्राहक मित्रांची फसगत होते असें आम्हांस वाटतें.

कारण असें कीं, अमेरिकेंत पिकअप गाडी कारखान्यांतून संपूर्ण, मागच्या हौद्यासकट, रंगून बाहेर पडे. आपल्या देशांत मालमोटारीची सर्वसाधारण रीत निराळी आहे. कारखान्यांतून येतो तो सांगाडा, यंत्र, पुढील झांकण आणि फार तर केबिन. बाकीचें अंग येथल्या सुतार-लोहारांनीं बांधावयाचें. अशा गाडीस कारखान्याचा मूळ रंग असेल तो पुढच्या अर्ध्या भागासच. मागच्या अर्ध्यास कारखाना ठाऊकही नाहीं! तेव्हां पत्रकांतील हिरवा रंग सबंध गाडीस फांसून ‘मूळ स्वरूप परत आणिलें’ असें म्हणणें, म्हणजे जें रूप त्या गाडीनें कधींच धारण केलें नव्हतें तें तिच्यावर लादणें होय. ज्यांनीं हौदा बांधला आणि रंगविला त्या कारागिरांचें काम अशा जीर्णोद्धारांत खरडून टाकलें जातें, आणि तें टाकलें गेल्याची हळहळसुद्धां कोणास वाटत नाहीं.

आतां राजुराकडे वळूं. समजा, अशी एक गर्द हिरवी गाडी तेथें चुना वाहूं लागली. तिच्या रंगाचें काय होईल, हें रसायनशास्त्र बऱ्याच अंशीं सांगूं शकतें. भाजलेल्या चुन्याची धूळ सांदीकोपऱ्यांत बसते आणि पहिल्या पावसांत तिची तीव्र क्षारयुक्त निवळी होते. जवसाच्या तेलांतील रंगास क्षार हा शत्रु. तो तेलाचा साबण करून टाकतो, आणि रंगाचा थर मऊ पडून पुसला जाऊं लागतो. थर झिजला कीं पाळी येते खुद्द रंगद्रव्याची. त्या काळचे पुष्कळसे गर्द हिरवे रंग प्रशियन निळा आणि क्रोम पिवळा यांच्या मिश्रणानें केलेले असत. प्रशियन निळा चुन्यांत टिकत नाहीं, तपकिरी पडतो; क्रोम पिवळा नारिंगीकडे झुकतो. घरास चुना देतांना आपण त्यांत नीळ घालतों ती चुन्यांत टिकते, कारण ती नीळ म्हणजे अल्ट्रामरीन, प्रशियन निळा नव्हे. आमच्या आज्या-पणज्यांस हीं नांवें ठाऊक नव्हतीं, परंतु कोणती निळी भिंतीवर टिकते हें त्यांस बरोबर ठाऊक होतें. गेरूच्या जातीचे लाल रंग, पिवळी माती आणि काजळ यांस मात्र चुन्याचें भय नाहीं. म्हणून चुना वाहणाऱ्या गाडीच्या हौद्यावर हिरव्यानंतर तांबड्या गेरूच्या रंगाचा थर आढळला, तर तो धन्याच्या आवडीचा असेलही. पण गाडीनें स्वतःच मागून घेतलेला तो रंग होता, असें म्हणण्यास जागा आहे.

हा दुसरा थर कोणत्या डब्यांतून आला हाही इतिहासाचाच विषय. मुंबईस १९२० सालीं गहागन नांवाची रंगाची कंपनी निघाली. तीच पुढें गुडलास नांवानें आणि आतां नेरोलॅक म्हणून ओळखली जाते. युद्धांत विलायती रंगांची आयात आटली असतां १९४२ सालीं चौघा मित्रांनीं एशियन पेंट्सचा आरंभ केला. १९५० नंतरच्या देशी रंगांच्या थरांत अमेरिकन पत्रकांतील छटा शोधणें व्यर्थ आहे. त्या छटा मुंबईच्या होत्या, आणि कित्येकदां दोन डबे एकत्र ओतून रस्त्याच्या कडेलाच तयार झालेल्या होत्या.

लोकांच्या आठवणीवर या बाबतींत किती विसंबावें याचें एक उदाहरण महाराष्ट्रांतील प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर आहे. एसटीचा मूळ रंग कोणता, असें कोणासही विचारा. लहान मूलसुद्धां ‘लाल’ म्हणून सांगेल. ‘लाल डबा’ काय, ‘लालपरी’ काय, भाषेंतच तो रंग मुरला आहे. परंतु १ जून १९४८ रोजीं पुणें आणि अहमदनगर (आजचें अहिल्यानगर) यांच्या दरम्यान जी पहिली गाडी धांवली ती निळ्या आणि रुपेरी रंगाची होती. मग खरी एसटी कोणती, निळी कीं लाल? आमच्या मतें प्रश्नच चुकीचा आहे. १९४८ ची गाडी दाखवावयाची असेल तर निळी खरी. ज्या गाडीनें गांवोगांवच्या मुलांस शाळेंत व सुनांस माहेरीं पोंचविलें ती दाखवावयाची असेल तर लाल खरी. रंग निवडण्याआधीं वर्ष निवडलें पाहिजे.

जीर्णोद्धार हा शब्द आपण देवळांपासून घेतला आहे, तेव्हां देवळांकडेही एकदां पाहावें. २०२२ सालीं नाशिक जिल्ह्यांतील वणीजवळच्या सप्तशृंगी देवीच्या मूर्तीवरील शेंदराचे वर्षानुवर्षांचे थर काढण्यांत आले आणि आंतील जुनें स्वरूप दिसूं लागलें. (ही वणी निराळी, आमच्या वणीशीं तिचा नामसाम्यापलीकडे संबंध नाहीं.) तेथें आंतलें रूप हेंच पूर्ण रूप होतें आणि शेंदूर हें त्यावरील आवरण. मालमोटारीची गोष्ट उलट आहे. तिच्या सगळ्यांत आंतल्या थराखालीं पूर्ण गाडी नसते, अर्धीच असते. देवळांच्या दगडी खांबांस भडक तैलरंग फांसणाऱ्यांविरुद्ध आम्हीं पूर्वीं पुष्कळ ऐकलें आहे आणि तें योग्यच आहे. पण तोच न्याय मोटारीस लावून ‘वरचें सर्व खोटें, तळाचें तेवढें खरें’ असा निष्कर्ष काढतां येणार नाहीं.

मग करावें काय? प्रथम घासावयाचें यंत्र दूर ठेवावें. एकदां पत्रा उघडा पडला कीं पुरावा गेला, आणि तो कोणत्याही पैशानें परत मिळत नाहीं. केबिनवर दोन-तीन जागीं आणि हौद्यावर तितक्याच जागीं, बारीक पॉलिश कागद पाण्यांत भिजवून, रुपयाएवढा भाग हलक्या हातानें उताराच्या आकारांत घासावा. झाडाच्या बुंध्यांतील वलयांप्रमाणें एकाबाहेर एक रंगांचीं कडीं दिसूं लागतात. बिजागऱ्यांच्या मागें, आसनाच्या खालीं, यंत्रफळ्याच्या पाठीमागें रंगाऱ्याचा हात पोंचलेला नसतो. तेथील थर कमी असले तरी शुद्ध असतात. मात्र अंधारांत राहिलेला तैलरंग पिवळसर पडतो आणि उन्हांत राहिलेला फिका होतो, म्हणून लपलेली छटा हीच तंतोतंत खरी असें धरून चालूं नये. ती कांहीं दिवस उजेडांत ठेवून मग नमुना जुळवावा. दारावर पेन्टरनें काढलेलीं अक्षरें, मालकाचें नांव, गांव, कायद्यानें लिहावे लागणारे वजनाचे आंकडे, हीं पुष्कळदां वरच्या रंगाखालींही उंचवट्यानें राहिलेलीं असतात. संध्याकाळीं दिवा पत्र्याच्या अगदीं अंगालगत धरला तर तीं वाचतां येतात. राजूरच्या एखाद्या गाडीवर अशीं अक्षरें उमटलीं, तर तिच्या यंत्रापेक्षां त्यांचें मोल आम्हांस अधिक वाटेल.

हीं कडीं समोर आल्यावर निवड कशी करावी, यावर आमचें मत असें आहे. केबिनवरील थर आणि हौद्यावरील थर शेजारीं मांडावे. दोन्हींकडे जो रंग प्रथम सारखाच आढळतो, तो शोधावा. केबिन मुंबईची आणि हौदा गांवचा. ज्या दिवशीं एकाच डब्यांतील रंग या दोहोंवर फिरला, त्या दिवशीं ही गाडी पूर्ण झाली. त्यापूर्वीं ती कारखान्याचा माल होती आणि सुताराचें काम होती. तोच रंग द्यावा, मग तो हिरवा निघो, गेरूचा निघो वा डोळ्यांस बोचणारा निघो. पुष्कळांस हें कठोर वाटेल. आपल्या पैशानें आपली गाडी रंगविणारानें आपल्या आवडीचा रंग कां देऊं नये? खुशाल द्यावा. फक्त तिला जीर्णोद्धार म्हणूं नये, नवी रंगवणी म्हणावें. शब्दांचा तेवढा प्रामाणिकपणा पाळला तर आमची तक्रार नाहीं.

एक अपवाद कायद्यानेंच घालून दिला आहे. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणें लष्कराखेरीज इतरांच्या वाहनांस ऑलिव्ह हिरवा रंग देण्यास मनाई आहे. म्हणजे डिस्पोजलच्या गाडीचा सर्वांत आंतला, अगदीं खरा थर हाच नेमका देतां येत नाहीं. आमच्या कसोटीनें पाहिलें तरी ही हानि मोठी नाहीं, कारण लष्करांतून बाहेर पडल्यावरच ती गाडी आपल्या मुलखाची झाली. रंग बदलल्यास त्याची नोंद नोंदणीपुस्तकांत करून घ्यावी लागते. शिवाय २०२१ सालच्या नियमांप्रमाणें पन्नास वर्षांहून जुन्या, खाजगी वापराच्या आणि सांगाडा, अंग व यंत्र यांत मोठा फेरफार न झालेल्या दोनचाकी-चारचाकी वाहनांस ‘व्हीए’ या अक्षरांची निराळी नोंदणी मिळूं शकते. तिचें प्रथम शुल्क वीस हजार रुपये ठेवलें आहे.

नवा रंग चढविण्यापूर्वीं आसनाखालचा तळहाताएवढा एक तुकडा न घासतां तसाच राहूं द्यावा, आणि त्यावर नुसतें पारदर्शक व्हार्निश द्यावें. सारे थर, असलाच तर राजूरचा चुनाही, तेथें राहतील. हें रंगाऱ्यास पहिल्याच दिवशीं सांगून ठेवावें, आणि त्या जागीं कागद चिकटवून घ्यावा. नाहींतर तो सवयीनें तेवढाही भाग घासून चकचकीत करून देईल.